पिठलं जमतं का?

नगर जिल्ह्यातल्या शेवगावहून एक वडील मुलीला घेऊन माझ्याकडे सल्ल्याला आले होते. मुलगी बारावीची. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्हींत ‘ए’ ग्रेड, पिशवीत स्केचबुकांची चळत. तिला इटलीला जाऊन पेंटिंग शिकायचं होतं. वडिलांनी प्रश्न वहीत लिहून आणले होते. खर्च किती, पुढं नोकरी काय, आणि खाली दोनदा रेघ मारून, ‘पोरगी राहील का तिकडं?’ मी मुलीला विचारलं, पिठलं करता येतं का? वडिलांना वाटलं, सर चेष्टा करतायत.

चेष्टा नव्हती. वहीतल्या तीन प्रश्नांपैकी तिसराच खरा आहे आणि त्याचं उत्तर पोर्टफोलिओत सापडत नाही. इटलीच्या किराणा दुकानात ‘फारिना दी चेची’ मिळतं, म्हणजे चण्याचं पीठ. तोस्कानात त्याचं धिरड्यासारखं भाजून ‘चेचीना’ म्हणून विकतात. पोलेंटासाठी मक्याचं पीठ सगळीकडे असतं. बारीक दळलेलं पाहून घेतलं तर भाकरी थापता येते. हे ज्याला जमतं त्याचा महिन्याचा हिशेब आटोक्यात राहतो, आणि नोव्हेंबरच्या पावसात घरची आठवण आली की काय करायचं हेही त्याला ठाऊक असतं. कट्टर शाकाहारी घरांनी एवढं लक्षात ठेवावं, की अस्सल पार्मेजान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट असतं.

नगर जिल्ह्याला इटली तशी परकी नाही. (आता अहिल्यानगर; तोंडातून अजून नगरच निघतं.) शिर्डीच्या समाधी मंदिरातली साईबाबांची मूर्ती इटालियन संगमरवराची आहे. जे. जे.त शिकलेल्या बाळाजी वसंत तालीम यांनी ती घडवली आणि १९५४ साली तिची स्थापना झाली. म्हणजे दगड आधीच येऊन बसलाय, मुलं आता निघालीत. त्यांच्याआधी गेलेले मराठी चित्रकारही आहेतच. मुंबईचे मोहन सामंत १९५७-५८ मध्ये इटालियन सरकारच्या शिष्यवृत्तीवर रोममध्ये राहिले. पुढं न्यूयॉर्कला स्थायिक झाले आणि तिथंही सारंगी वाजवत राहिले.

आता संस्थांबद्दल. फ्लॉरेन्स, रोम, मिलान, व्हेनिस, बोलोन्या, नेपल्स, करारा इथं सरकारी कला अकादमी आहेत. मिलानची ब्रेरा त्यातलीच. पहिला टप्पा तीन वर्षांचा, त्यावर दोन वर्षांचा दुसरा. बारावीनंतर पहिल्या टप्प्याला अर्ज करता येतो. काम दाखवावं लागतं, प्रवेश परीक्षा होते. फी बऱ्याच ठिकाणी उत्पन्नावर ठरते आणि खासगी डिझाइन संस्थांच्या मानानं फारच कमी असते. एजंटांच्या चकचकीत माहितीपत्रकात मात्र बहुधा खासगी संस्थाच दिसतात. कारण सांगायला नको.

सरकारी अकादमीची खरी फी भाषेत भरावी लागते. शिकवणं बहुतेक इटालियनमधून, आणि प्रवेशाला बहुतेक ठिकाणी बी-२ पातळीची इटालियन लागते. ‘चित्राला भाषा नसते’ हे वाक्य मी पालकांकडून इतक्यांदा ऐकलंय! चित्राला नसेल, कलेच्या इतिहासाच्या परीक्षेला असते. आणि ती परीक्षा तोंडी. प्राध्यापकासमोर बसायचं, ते चित्र पुढं ठेवणार, आपण चित्रकार, काळ, तंत्र, शेजारच्या शहरातली परंपरा सगळं बोलायचं. गुण तीसपैकी, अठराला पास. आपली मुलं लिहून पास होत आलेली. उत्तर पाठ असूनही तोंड उघडत नाही. म्हणून माझं मत सरळ आहे. बारावीनंतर लगेच जायची घाई करू नका. एएसी सीईटी द्या, इथं बीएफए करा, त्या चार वर्षांत रोज तासभर इटालियन करा, आणि मग दोन वर्षांच्या टप्प्याला जा. जी. डी. आर्ट करणाऱ्यांनी मात्र आधी त्या त्या अकादमीला लिहून विचारावं. ती पदविका आहे, पदवी नव्हे, आणि हा फरक तिथं कळीचा ठरू शकतो.

मुलीला मी तिथल्या एका साध्या मंगळवारबद्दल सांगितलं. सहलीचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात, मंगळवार कुणी पाहिलेला नसतो. सकाळी मोका नावाच्या छोट्या भांड्यात कॉफी. खोली दोघींत, कारण मिलानसारख्या ठिकाणी एकटीच्या खोलीला महिन्याला सहाशे-सातशे युरो सहज जातात. भिंतीवर साफसफाईच्या पाळ्यांचा कागद. आज बाथरूम आपल्याकडे. नऊला स्टुडिओ. प्राध्यापक येतात, दोन वाक्यं बोलतात, निघून जातात. ‘सर, आता पुढं काय करू?’ विचारायला कुणी नसतं. हजेरी मात्र मोजतात. दुपारी विद्यार्थ्यांच्या मेसमध्ये, म्हणजे ‘मेन्सा’त, टोमॅटोचा पास्ता आणि मसूर. कॉफी काउंटरपाशी उभ्यानं प्यायची, टेबलावर बसलं की बऱ्याच ठिकाणी दर वाढतो. छोट्या गावांत दुपारी दुकानं बंद, त्यामुळं रंगाची ट्यूब संपली तर थांबा. घरी फोन करायची वेळ हीच. हिवाळ्यात आपण साडेचार तास पुढं असतो. तिथं रात्री आठ म्हणजे शेवगावात साडेबारा. तिच्या दुपारच्या सुट्टीत इथं संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. ती वेळ ठरवून टाकावी, आणि फोन आला नाही म्हणून पहिल्याच दिवशी गावभर करू नये.

एक गोष्ट पालक विचारत नाहीत, पण मनात असते. तिथं नग्न मॉडेल समोर ठेवून चित्र काढतात का? काढतात. कलेसाठी शरीररचनाशास्त्र हा अभ्यासक्रमातला विषय आहे. आपल्याकडच्या कला महाविद्यालयांतही लाइफ स्टडी असतो. तासाभरात विद्यार्थ्याला फक्त खांद्याचा उतार आणि गुडघ्यावरची सावली दिसायला लागते. हे जायच्या आधी घरात बोलून टाकलेलं बरं.

कागदपत्रांत नगरची माणसं अडकतात ती वेगळ्याच ठिकाणी. इटलीतल्या प्रादेशिक शिष्यवृत्त्या कुटुंबाचं उत्पन्न आणि मालमत्ता पाहून देतात. मिळाली तर फीमाफी, जेवण, कधी वसतिगृहही. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, सातबारा, घराचा उतारा हे सगळं रीतसर प्रमाणित करून इटालियनमध्ये भाषांतर करून द्यावं लागतं. खातं सामाईक असेल, चुलत्यांची नावं अजून कमी झालेली नसतील, तर कुणाची जमीन किती हे परदेशी कार्यालयाला पटवणं आलं. हे काम प्रवेशाआधी सहा महिने सुरू करा. व्हिसासाठी वर्षाला सात हजार युरोंच्या आसपास रक्कम दाखवावी लागते. आकडा बदलत राहतो, मुंबईच्या इटालियन वकिलातीकडून त्या वर्षीचा घ्यावा. पोचल्यावर आठ कामाच्या दिवसांत पोस्टात जाऊन राहण्याच्या परवान्याचा अर्ज करायचा. परवान्याचं कार्ड हातात यायला कित्येक महिने लागतात, तोवर पोस्टाची पावती जिवापलीकडे जपायची. आठवड्याला वीस तास काम करायची मुभा आहे, पण त्या पैशावर फी मांडू नका. भाजी निघेल.

नोकरीचं काय? पदवीनंतर काम शोधायला जास्तीत जास्त वर्षभराचा परवाना मिळतो, हमी कसलीच नाही. इलस्ट्रेशन, नेपथ्य, अध्यापन या वाटा आहेत. मला सगळ्यांत जास्त मोह पडतो तो जतन-संवर्धनाचा. फ्लॉरेन्सचं ‘ओपिफिचो देल्ले पिएत्रे दुरे’ १५८८ सालचं, आणि तिथली पाच वर्षांची शाळा मोजक्याच मुलांना घेते. इकडं नगरचा आपला फराहबाग महाल पडझडीत उभा आहे. निजामशाहीतली सोळाव्या शतकातली चित्रं असलेलं ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हस्तलिखित पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. असा कागद, असा चुना हाताळू शकणारी माणसं आपल्याकडे किती थोडी! मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जतनाची प्रयोगशाळा आहे. तिकडं जायच्या आधी ती एकदा पाहून यावी.

रविवारचंही सांगितलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं फुकट असतात. फ्लॉरेन्सला असाल तर एखादा रविवार काशीने उद्यानाच्या पार टोकापर्यंत चालत जा. कोल्हापूरचे राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना १८७० च्या नोव्हेंबरात फ्लॉरेन्समध्ये वारले, वय वीस. उद्यानाच्या त्या टोकाला, आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं. तिथं छत्रीखाली त्यांचा रंगीत अर्धपुतळा आहे, आणि जवळच्या पुलाला लोक ‘इंडियनचा पूल’ म्हणतात. ही गोष्ट मी नेहमी शेवटी सांगतो. आधी सांगितली की आया घाबरतात.

वडील घाबरले नाहीत. त्यांनी वहीचं पान उलटलं आणि वरच्या ओळीत लिहिलं, ‘सातबारा – चुलत्यांची नावं’. मुलीनं विचारलं, पिठल्याला इटालियनमध्ये काय म्हणतात? मी म्हटलं, शब्द नाही, तिथं गेल्यावर तूच दे.