छाट कलम : एक घरगुती अभ्यास

कलम म्हटले की डोळ्यांसमोर हापूस उभा राहतो. परंतु एका झाडावर दुसरे न बांधता नुसती फांदी मातीत लावून रोप करणे, हेही कलमच होय. त्याला छाट कलम किंवा फाटे कलम म्हणतात. बोगनवेल, तगर, कण्हेर, क्रोटन अशी सहज होतात. जास्वंदीला तर आपल्याकडे बी क्वचितच धरते. मोरया गोसावींच्या आपल्या चिंचवडात चतुर्थीला जी तांबडी फुले देवाला वाहिली जातात, त्यांची झाडे अशीच फांदीफांदीने हातोहात पसरलेली आहेत.

पावसाळा सुरू झाला की पेन्सिलीएवढी जाड, धड कोवळी नाही आणि धड जून नाही अशी फांदी निवडावी. लांबी वीतभर, डोळे तीन-चार. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली व तिरका, वरचा सरळ. त्यामुळे शेंडा-बुडखा ओळखता येतो. हे महत्त्वाचे आहे, कारण मुळे फोडणारे ऑक्झिन हे द्रव्य शेंड्याकडून खाली सरकून तळाच्या कापाशी साचते. उलटी लावलेली फांदी बहुधा वाळूनच जाते. रोपवाटिकेत लावतात ती भुकटी याच जातीच्या द्रव्याची असते. जास्वंदीचे तिच्यावाचून अडत नाही. वरची एक-दोन पानेच ठेवावीत, तीही अर्धी कापून, कारण मुळे नसलेली फांदी साऱ्या पानांना पाणी कोठून पुरवणार? दुधाच्या पिशवीला तळाशी भोके पाडून निम्मी वाळू, निम्मी माती भरावी. दोन डोळे मातीत जावेत. पिशवी सावलीत ठेवावी आणि माती ओलसर राहू द्यावी, चिखल नको.

खरी परीक्षा पुढे आहे. पंधरा दिवसांत कोंब दिसला म्हणजे कलम लागले असे नव्हे. फांदीतल्या साठवलेल्या अन्नावरही कोंब फुटतो. मुळे मागाहून येतात. माझा धाकटा भाऊ रोज फांदी उपटून पाहतो. त्याचे एकही कलम अद्याप लागलेले नाही! महिना-दीड महिना हात लावू नये.

आम्ही भाड्याच्या खोलीत राहतो. करार अकरा महिन्यांचा. चार वर्षांत तीन खोल्या झाल्या. सामान बांधण्याच्या महिनाभर आधी आई जास्वंदीची पाच-सहा कलमे करून ठेवते. मूळ झाड गावी आजीच्या दारात होते. रस्ता रुंद झाला तेव्हा ते गेले. ग्रंथालयातल्या पुस्तकात मी वाचले, की छाट कलमाचे रोप हे मूळ झाडाचे अपत्य नव्हे. गुणांनी ते तेच झाड असते. आईला वाचून दाखवले. ती शाळेत गेलेली नाही. म्हणाली, "मग मी इतकी वर्षं काय जपतेय?"

मात्र झाडाबरोबर त्याची कीडही येते. पानांच्या बेचक्यात कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण दिसला, तर ती फांदी घेऊ नये.

यंदाची सात रोपे तयार आहेत. तीन आमच्याबरोबर जातील. उरलेली वर्गात कोणाला हवी असल्यास सांगावे. पिशवी मात्र ज्याची त्याने आणावी.