आठवड्याची गोळी: नव्यानं सुरू करणाऱ्या भाचीला आत्याचा कानमंत्र

पोरी, संधिवाताच्या डॉक्टरांनी तुला मेथोट्रेक्सेट सुरू केलं आणि मेडिकलमध्ये कुणीतरी "ही कॅन्सरची गोळी" म्हटल्यापासून तुझी झोप उडालीय, असं वहिनी सांगत होत्या. मी ही गोळी बरीच वर्षं घेतेय. तेव्हा आत्याच्या नात्यानं सांगते ते नीट ऐक.

आधी भीती काढ. हे औषध कॅन्सरलाही देतात हे खरं, पण तिथली मात्रा फार मोठी असते. आपल्याला आठवड्याला साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम. अंगातली प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उठलेली असते, ती एवढ्या मात्रेनं आवरते. अमेरिकेत १९८८ साली संधिवातासाठी त्याला मान्यता मिळाली आणि आज जगभर बहुतेक डॉक्टर सुरुवात याच औषधानं करतात. गुण यायला मात्र सहा ते बारा आठवडे लागतात. पंधरा दिवसांत बोटं वळेनात म्हणून सोडून देऊ नकोस.

गोळी आठवड्यातून एकदाच. बाकी सगळं विसरलीस तरी चालेल, हे विसरू नकोस. रोज घेतली तर तीच गोळी जिवावर बेतते. वार ठरव आणि कॅलेंडरवर त्या वाराला लाल खूण कर. नोकरी करणाऱ्या बाईला शनिवारची रात्र बरी, दुसऱ्या दिवशी मळमळलं तरी घरी पडून राहता येतं. विसरलीस आणि एक-दोन दिवसांत आठवलं तर घे. त्याहून उशीर झाला तर तो आठवडा सोड. पुढच्या वारी दुप्पट घ्यायची नाही. चुकून रोज घेतली गेली तर अंगावर काही दिसायची वाट न बघता गोळीची पट्टी घेऊन थेट दवाखाना गाठ. त्यावर उतारा आहे, पण तो वेळेवर मिळाला तरच कामाचा.

दोन नावांची गल्लत करू नकोस. सोबत फॉलिक ॲसिडची गोळी दिली असेल. फॉलिट्रॅक्स म्हणजे मेथोट्रेक्सेट आणि फोल्व्हाइट म्हणजे फॉलिक ॲसिड. नावं कानाला सारखीच लागतात. म्हणून दोन्ही वेगळ्या डब्यांत ठेव आणि डब्यावर मराठीत मोठ्या अक्षरांत वार लिही. फॉलिक ॲसिड कुठल्या दिवशी घ्यायचं ते डॉक्टरांनी लिहिलेलं असतं, तेच पाळ.

ते जादाचं व्हिटॅमिन समजून टाळायचं मात्र नाही. त्याची गोष्ट आपल्या मुंबईतच सुरू झाली. लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरबाई १९२८ साली मुंबईत आल्या आणि गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायकांच्या पंडुरोगाचा अभ्यास करू लागल्या. यीस्टच्या अर्कानं त्या बायकांचं रक्त सुधारतं, हे त्यांनी दाखवलं. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे फोलेट. पुढे अमेरिकेत आंध्रच्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूनं फॉलिक ॲसिड तयार केलं आणि त्याला अडवणारी औषधंही. मेथोट्रेक्सेट त्यातलंच. ते फोलेटचं काम अडवतं म्हणूनच तोंड येणं, मळमळ, केस गळणं असे त्रास होतात, आणि म्हणूनच फॉलिक ॲसिड घेतल्यावर ते कमी होतात.

लहान त्रास घरी सांभाळता येतात. गोळी रात्री जेवून घे, म्हणजे मळमळीचा वेळ झोपेत जातो. तोंड आलं असेल तर तांबडा रस्सा आणि मिसळ काही दिवस बाजूला ठेव, दहीभात, ताक, मऊ खिचडी खा. केस थोडे विरळ होतात, पण टक्कल पडत नाही. त्रास हटलाच नाही तर डॉक्टर मात्रा बदलतात किंवा इंजेक्शन देतात. सांगायला लाजू नकोस.

रक्त तपासणी चुकवायची नाही. यकृतावरचा आणि रक्तपेशींवरचा परिणाम आधी कागदावर दिसतो, अंगावर नंतर. सुरुवातीला दोन ते चार आठवड्यांनी आणि घडी बसली की दोन-तीन महिन्यांनी सीबीसी, एसजीपीटी, क्रिएटिनिन करायचं. खाजगी लॅब परवडत नसेल तर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात केसपेपर काढ. सगळे रिपोर्ट तारखेनं एका फाईलमध्ये लाव.

काही खुणा दिसल्या तर त्या आठवड्याची गोळी घेऊ नकोस आणि लगेच डॉक्टरांना गाठ: ताप, कोरडा खोकला आणि दम लागणं, डोळे पिवळे होणं, हिरड्यांतून रक्त किंवा अंगावर निळे डाग, घास उतरत नाही इतकं तोंड येणं, आणि जोराच्या उलट्या-जुलाब. जुलाबानं अंगातलं पाणी गेलं की मूत्रपिंडातून औषध बाहेर पडत नाही आणि अंगात साठतं. म्हणून नवरात्राचे कडक उपासही डॉक्टरांना विचारूनच कर.

आपल्याकडचा पावसाळा वेगळा जप. प्रतिकारशक्ती दबलेली असताना साधा तापही अंगावर काढायचा नाही. पुराच्या पाण्यात उतरू नकोस, लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस) तापाची भीती असते. आणि २०१९ अन् २०२१ साली पंचगंगेच्या पुरानं वाटा कशा अडवल्या ते आपण पाहिलंय. जूनमध्येच महिनाभराच्या गोळ्या घरात आणून ठेव, आणि पूरग्रस्तांच्या छावणीत जावं लागलं तर फाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत ने.

इतर औषधांचंही ऐक. लघवीच्या जळजळीसाठी सेप्ट्रानसारख्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणू नकोस. त्या आणि मेथोट्रेक्सेट एकत्र आले की रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकतात. दातांच्या डॉक्टरकडे गेलीस तरी आधी या गोळीचं नाव सांग. दारू घरात कुणी आग्रह केला तरी नाही. सांधेदुखीवर कुणी बिननावाची पुडी देईल. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं, म्हणून लगेच बरं वाटतं आणि पुढे साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात.

आणि मूल हवं असेल तर जावईबापूंसह आधी डॉक्टरांशी बोल. या गोळीनं गर्भाला इजा होते. ती काही महिने आधी बंद करावी लागते आणि तोवर गर्भ राहणार नाही याची काळजी घ्यावी लागते. पाळी चुकली तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांग. यात सासरी काय म्हणतील याचा विचार करायचा नाही.

शेवटचं. दुष्परिणामांची यादी वाचून गोळी बंद करणाऱ्या बायका मी पाहिल्यात. त्यांच्या वाकड्या झालेल्या बोटांना पुन्हा सरळ करणारं औषध नाही. त्रास होत असेल तर डॉक्टरांकडे जा, भांड, प्रश्न विचार, औषध बदलून घे. पण आपल्या मनानं सोडू नकोस आणि आपल्या मनानं वाढवू नकोस.