मिरची, टोमॅटो, फ्लॉवर: रोप किती कपाच्या ट्रेमध्ये घ्यायचं? नोंदणीआधी वाचा



खरिपाच्या रोपांची नोंदणी या आठवड्यात सुरू होतेय. यंदा नोंदणीत एक रकाना नवीन आहे: *ट्रे किती कपाचा हवा?* तिथे "तुम्हाला योग्य वाटेल तो" असं लिहू नका. गेल्या वर्षी ते आम्हीच ठरवलं होतं आणि चुकलं. रोपामागे खर्च कमी पडतो म्हणून सगळ्यांसाठी १०४ कपाचे ट्रे सांगितले. पाऊस लांबला, रानात वाफसा येईना, आणि मिरचीची रोपं ट्रेमध्येच पन्नास दिवसांच्या पुढे गेली. काहींना तिथेच कळी दिसली. लागण उरकली, पण रोप महिनाभर जागचं हललं नाही. बोलणी आम्ही खाल्ली, नुकसान मात्र तुमचं झालं.

म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

ट्रेची बाहेरची लांबी-रुंदी साधारण सारखीच असते. कप वाढले की प्रत्येक कप लहान होतो, त्यात कोकोपीट कमी मावतं. कोकोपीट कमी म्हणजे पाणी कमी, खत कमी आणि मुळीला फिरायला जागा कमी. रोप लहान असताना यातलं काहीच जाणवत नाही. पण मुळी कपाच्या भिंतीला टेकली की तिथून ती गोल फिरायला लागते. सुरुवातीला हे चांगलंच असतं, मुळ्यांनी कोकोपीट धरून ठेवलं म्हणजे रोप उपटताना गड्डी फुटत नाही. त्यापुढे आठ-दहा दिवस गेले की त्याच मुळ्यांचा घट्ट गुंडा होतो, पांढरी मुळी तपकिरी पडते, खालची पानं पिवळी होतात, खोड कडक होतं. असं रोप रानात लावून दहा-बारा दिवसांनी हलकं उपटून बघा. बाटलीच्या बुचासारखं अलगद वर येतं, कारण एकही मुळी बाहेरच्या मातीत गेलेली नसते.

तेव्हा पहिला प्रश्न ट्रे स्वस्त की महाग हा नाही. *रोप ट्रेमध्ये किती दिवस राहणार* हा आहे.

टोमॅटो आणि कोबी २१ ते २५ दिवसांत लावायला येतात. त्यांना ९८ किंवा १०४ कपाचा ट्रे पुरतो. वांगं महिनाभर घेतं, त्याला ९८. मिरची आणि ढोबळीला ३५ ते ४० दिवस लागतात. पाण्याची सोय आहे, बेड तयार आहेत, मल्चिंग अंथरून झालंय, म्हणजे ठरल्या तारखेला लागण होणारच असेल, तर मिरचीलाही ९८ चालतो. पण पावसाच्या भरवशावर असाल तर ७० कपाचा घ्या. आठवडाभर जास्त थांबायची सवड मिळते.

फ्लॉवरवाल्यांनी विशेष लक्ष द्या. फ्लॉवरचं रोप ट्रेमध्ये उपाशी राहून म्हातारं झालं तर त्याचा गड्डा बटणाएवढाच राहतो. पुढे कितीही खत टाका, तो भरत नाही. बियाणं खराब निघालं अशी तक्रार येते, पण बऱ्याचदा दोष थांबलेल्या रोपाचा असतो.

कलिंगड १२ ते १५ दिवसांत लावायचं असतं. तेवढ्यात गेलं तर ९८ मध्येही भागतं. मात्र वेलवर्गीय रोपाला मुळी दुखावलेली अजिबात सोसत नाही, त्यामुळे जरा उशीर होईल असं वाटलं तर ५० चा ट्रे बरा.

आता कोणी म्हणेल, मग सगळंच मोठ्या कपात घेऊ. तसंही नको. बोटभर रोप मोठ्या कपात किंवा पिशवीत असलं की त्याची मुळी एका कोपऱ्यात आणि बाकी सगळं कोकोपीट ओलं. ती ओल ओढायला कोणी नाही. पावसाळी हवेत तिथेच बुरशी धरते आणि रोपं कोलमडतात.

ओलीचं गणित समजायला एक प्रयोग घरी करा. भांडी घासायचा स्पंज पाण्यात बुडवून तळहातावर आडवा धरा, गळणं थांबू द्या. आता तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळेल. स्पंज तोच, फक्त उंची वाढली. कपाचंही तसंच असतं. तळाला ओलाचिंब थर राहतोच, पण कप उथळ असेल तर जवळजवळ सगळी मुळी त्या थरात बसते. म्हणून सारख्याच कपांचे दोन ट्रे समोर असतील तर *खोल कपाचा* उचला, आणि तळाचं भोक मोकळं आहे का ते बघा.

खर्चाचाही हिशोब करा. मिरची ४ बाय १.५ फुटावर लावली तर एकरी ७,२६० रोपं. नांग्या भरायला ५ टक्के धरून साधारण ७,६२५. यासाठी १०४ कपाचे ७४ ट्रे, ९८ चे ७८ आणि ७० चे १०९ ट्रे लागतात. म्हणजे ९८ ऐवजी ७० घेतला तर ३१ ट्रे जादा, त्यांचं कोकोपीट, जागा आणि टेम्पोतली खेप वेगळी. ज्यांचं पाणी पक्कं आहे त्यांनी हा खर्च उगाच करू नये.

पपई आणि शेवगा पिशवीतच बरे. पपईला ६ बाय ४ इंची पिशवी, तळाला आणि बाजूला भोकं पाडलेली. दीड-दोन महिन्यांत रोप रानात गेलं पाहिजे. रोपवाटिकेत पिशवी उचलताना खालून मुळी तुटल्याचा आवाज आला तर समजा, ती जमिनीत उतरली होती. असं रोप घेऊ नका. आंबा, लिंबू, डाळिंबाचंही तेच. भाजीचं पीक चार-सहा महिन्यांत संपतं, पण झाडाच्या बुडाशी गोल फिरलेली मुळी कायम राहते. मोठं झाड वाऱ्यात कलतं तेव्हा कळतं.

रोपं आली आणि पाऊस थांबला, तर काय? ट्रे विरळ मांडा, सावलीच्या जाळीखालून हळूहळू उन्हाला आणा, पाणी बेताचं द्या. पानं फिकी पडली तर १९:१९:१९ लिटरला ३ ग्रॅम घेऊन आळवणी करा. याने चार-पाच दिवस निभावतात, पंधरा नाही.

रोपं उतरवून घेताना कोणत्याही ट्रेमधली चार-पाच रोपं स्वतः उपटून मुळी बघा. पांढरी हवी. गुंडा तपकिरी आणि दाबल्यावर दगडासारखा लागला तर तिथेच सांगा, सही करून घरी नेल्यावर नको.

नोंदणी करताना पीक, क्षेत्र, लागणीची तारीख, पाण्याची सोय (विहीर, बोअर की पाऊस) आणि ट्रे किती कपाचा, एवढं लिहून रविवार संध्याकाळपर्यंत आपल्या गटप्रमुखाकडे द्या. तारीख नक्की नसेल तर अर्धी रोपं आता आणि अर्धी दहा दिवसांनी पेरायला सांगता येतील, तसं स्पष्ट लिहा. सोमवारी आम्ही रोपवाटिकेला आकडा कळवणार, त्यानंतर ट्रे बदलून मिळणार नाही.