टोपी अडकलेले रोप

मिरचीचे बी कुंडीत पेरले की आठ-दहा दिवसांनी मातीतून कोंब वर येऊ लागतात. बहुतेक कोंब सरळ होऊन आपली दोन लांबट बीजपत्रे पसरतात. एखादे रोप मात्र वेगळे दिसते. त्याचा दांडा ताठ उभा असतो. पण शेंड्यावर बियांचे पिवळट, चपटे टरफल टोपीसारखे बसलेले असते आणि बीजपत्रांची टोके त्यात अडकलेली असतात. असे रोप दिसले की आपला हात चटकन पुढे जातो व आपण ती टोपी ओढतो. पुष्कळदा टोपीबरोबर बीजपत्रेही तुटून हातात येतात. म्हणून हात लावण्यापूर्वी दोन प्रश्न विचारू या. बाकीच्या रोपांची टोपी कोणी काढली? आणि याचीच का राहिली?

मिरचीचे बी रात्रभर भिजवा आणि चपट्या बाजूला समांतर असा त्याचा पातळ काप घ्या. पाते धारदार असते, म्हणून हे काम शिक्षकांच्या देखरेखीखाली करा. भिंगातून पाहिले तर वेटोळे करून बसलेला गर्भ दिसेल. त्याच्या भोवती साठवलेल्या अन्नाचा थर, म्हणजे भ्रूणपोष असतो आणि सर्वांत बाहेर बीजावरण.

बी रुजताना प्रथम मूलांकुर बाहेर पडतो व खाली जाऊन मातीत घट्ट रोवला जातो. मग बीजपत्रांखालचा दांडा वाढू लागतो. तो सरळ वर न येता आकड्यासारखा वाकतो आणि ते वाकण माती दूर सारत आधी वर येते. त्यामुळे नाजूक शेंडा मातीवर घासला जात नाही. उजेड लागताच आकडा उलगडू लागतो आणि मागे राहिलेली बीजपत्रे बियांतून ओढून काढतो. टोपी निघते ती या क्षणी.

आता बलांचा विचार करा. घट्ट कानटोपीतून डोके बाहेर काढायचे तर टोपी कोणीतरी धरून ठेवावी लागते. धरली नाही तर टोपी डोक्याबरोबरच जाते. रोप बीजपत्रांना वर ओढते, पण बीजावरणाला खाली धरून ठेवण्याचे काम त्याच्या हातचे नाही. ते माती करते. बियांवरच्या मातीचे ओझे बीजावरणाला दाबते, दाबामुळे घर्षण निर्माण होते आणि हे घर्षण बीजावरणाला अडवून धरते.

हे ओझे किती असेल? बियाची चकती ४ मिलिमीटर व्यासाची धरली, तर तिचे क्षेत्रफळ सुमारे ०.१२५ चौरस सेंटिमीटर होते. वर १ सेंटिमीटर मातीचा थर असेल आणि मातीची घनता १.४ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर मानली, तर बियांवर सुमारे १७५ मिलिग्रॅम माती असते. मिरचीच्या एका बियाचे वजन साधारण ६ मिलिग्रॅम असते. म्हणजे बियांवर त्याच्या स्वतःच्या वजनाच्या सुमारे तीसपट ओझे झाले! तेच बी पाव सेंटिमीटर खोल पेरले तर ओझेही पावपटच राहते. पकड ढिली पडते आणि रोप टोपीसकट वर येते.

दुसरी गोष्ट पाण्याची. भिजवलेला बदाम चिमटीत दाबला की साल सुळकन निघते; कोरड्या बदामाची निघत नाही. ओले बीजावरण मऊ व लवचिक असते. मातीचा वरचा थर वाळला तर ते आक्रसून कडक होते आणि आत उरलेला भ्रूणपोषाचा थरही वाळून बीजपत्रांना चिकटून बसतो. म्हणून वाफ्यात बी पेरल्यावर त्यावर बारीक माती किंवा कुजलेले शेणखत पसरतात, झारीने पाणी देतात व उगवण होईपर्यंत गवताचे आच्छादन घालतात. उगवण दिसताच मात्र आच्छादन काढतात.

भोपळा आणि काकडी यांनी या अडचणीवर स्वतःची युक्ती शोधली आहे. त्यांच्या रोपात मूळ आणि दांडा यांच्या सांध्यावर एक छोटी खुंटी तयार होते. ती खालचे बीजावरण दाबून धरते आणि आकडा बीजपत्रे ओढून घेतो. चार्ल्स डार्विन यांनी १८८० साली प्रसिद्ध झालेल्या, वनस्पतींच्या हालचालींवरील ग्रंथात या खुंटीचे वर्णन केले आहे. आडव्या पडलेल्या बीत खुंटी खालच्याच बाजूला येते. १९९८ साली जपानी शास्त्रज्ञांनी काकडीचे बी ‘डिस्कव्हरी’ या अंतराळयानात रुजवले, तेव्हा दोन्ही बाजूंना खुंट्या आल्या! पृथ्वीवर वरच्या बाजूची खुंटी गुरुत्वामुळेच दबून राहते, असा त्याचा अर्थ. मिरचीला अशी खुंटी नसते. तिची सारी भिस्त मातीवर.

हे खरे की खोटे, ते तुम्हीच पडताळून पाहा. चार सारख्या कुंड्यांत प्रत्येकी २० बिया पेरा. अ आणि आ मध्ये १ सेंटिमीटर खोल, इ आणि ई मध्ये पाव सेंटिमीटर. पहिले सहा दिवस सर्वांना सारखेच पाणी द्या. त्यानंतर अ आणि इ यांचा पृष्ठभाग ओला ठेवा. आ आणि ई यांना फक्त खालच्या बशीतून पाणी द्या. माती, जागा व ऊन सर्वांना सारखेच हवे. शेवटी टोपीवाली रोपे मोजा. शेकडा प्रमाण काढताना पेरलेल्या बियांशी नव्हे, तर उगवलेल्या रोपांशी तुलना करा. नाहीतर न उगवलेल्या बियांमुळे निष्कर्ष चुकेल.

आणि टोपी अडकलेल्या रोपाचे काय करावे? बीजपत्रे उघडली नाहीत तर त्यांना पुरेसा प्रकाश मिळत नाही आणि साठा संपला की रोप उपाशी पडते. मदत जरूर करा, पण टोपी ओढू नका. बीजपत्रांच्या मध्येच पुढच्या पानांचा कोंब असतो. तो तुटला तर रोप बहुधा वाढतच नाही. गवताच्या काडीने पाण्याचा एक थेंब टोपीवर ठेवा. पृष्ठताणामुळे तो तिथेच चिकटून राहील. रोपावर काचेचा पेला पालथा घाला आणि कुंडी सावलीत ठेवा. तासाभराने पाहा, गरज वाटल्यास पुन्हा थेंब द्या. टोपी मऊ झाली की बहुतेक वेळा बीजपत्रेच ती ढकलून देतात. तरीही नाही निघाली, तर दांड्याला धक्का न लावता टाचणीच्या टोकाने बीजावरणाची कड हळूच उकला.

किती रोपे टोपीसह आली आणि त्यांतली किती पुढे वाचली, हेही नोंदवहीत लिहून ठेवा.