आधी करपात्र मूल्य बघा, मग रक्कम

पुण्यात स्वतःचं घर झालं तेव्हापासून मिळकतकराच्या बिलाशी संबंध आला. पुढे सोसायटीच्या कमिटीवर गेल्यावर शेजाऱ्यांचीही बिलं घेऊन बसायची सवय लागली. त्यातून मनात पक्क्या बसलेल्या गोष्टी इथे मांडतो.

1. बिल हाती आलं की बहुतेकांची नजर भरायच्या रकमेवर जाते. महत्त्वाचा आकडा असतो वार्षिक करपात्र मूल्याचा. पुण्यात हा कर घराच्या बाजारभावावर बसत नाही. घराला किती भाडं येऊ शकेल, हे महापालिका आपल्या दराने ठरवते आणि त्यावर कर बसवते. समजा, क्षेत्रफळाला दराने गुणून महिन्याचं भाडं 1,000 रुपये धरलं. वर्षाचे झाले 12,000. देखभाल-दुरुस्तीचे 10 टक्के वजा केले की उरले 10,800. मालक स्वतः राहत असेल तर आणखी 40 टक्के सवलत, म्हणजे 6,480. पुढचे सगळे कर या 6,480 वर टक्केवारीने लागतात. त्यामुळे क्षेत्रफळ जास्त नोंदलं गेलं असेल, तर बिलातली जवळजवळ प्रत्येक ओळ फुगते, आणि तीही दरवर्षी. खरेदीखत शेजारी ठेवून क्षेत्रफळ आणि वापराचा प्रकार एकदा ताडून बघाच.

2. मुंबईतल्या नातेवाइकांच्या बिलाशी तुलना करू नका. मुंबईत 2010 पासून भांडवली मूल्यावर आकारणी होते आणि 500 चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना 2022 पासून मालमत्ता कर माफ आहे. पुण्याला यातलं काहीच लागू नाही.

3. ती 40 टक्क्यांची सवलत पुणेकरांना 1970 पासून मिळत आली. मध्यंतरी राज्य सरकारने ती बंद केली आणि 2023 मध्ये पुन्हा सुरू करताना 1 एप्रिल 2019 पासून लागू धरली. मात्र या काळात नव्याने आकारणी झालेल्या किंवा सवलत काढून घेतलेल्या घरांना ती आपोआप मिळत नाही. पीटी-3 अर्ज भरावा लागतो. सोबत आपण स्वतः राहत असल्याचं सोसायटीचं पत्र आणि त्याच पत्त्याचा पुरावा लागतो. काम साधं आहे, तरी कितीतरी पात्र माणसं अर्जच करत नाहीत आणि वर्षानुवर्षं पूर्ण कर भरतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. अर्ज दिल्याची पोच जपून ठेवा.

4. घर भाड्याने दिलं असेल तर ते कळवा. सवलत राहत्या मालकासाठी आहे, आणि ते योग्यच आहे.

5. बिलात सर्वसाधारण करासोबत अग्निशमन, वृक्ष, सफाई, मलनिस्सारण अशा ओळी असतात. शिक्षणकराचा एक भाग राज्य सरकारकडे जातो, महापालिका तो फक्त गोळा करते. लवकर भरणाऱ्यांना मिळणारी 5 किंवा 10 टक्के सूट फक्त सर्वसाधारण करावर असते, एकूण रकमेवर नाही. याउलट थकबाकीवर महिन्याला 2 टक्के शास्ती चढते. वर्षाला 24 टक्के व्याजाचं कर्ज आपण एरवी कधी काढलं असतं का? आकारणीबद्दल तक्रार असेल तर ती लेखी द्या, वेळेत द्या. पण तक्रार चालू आहे म्हणून मान्य असलेली रक्कम अडवून धरू नका.

6. जुनं घर विकत घेणाऱ्यांनी व्यवहाराआधी थकबाकी नसल्याचा दाखला मागावा. कायद्याने या कराचा बोजा मिळकतीवर असतो. आधीच्या मालकाने बुडवलेलं नव्या मालकाच्या दारात येतं. नोंदणी झाली की इंडेक्स टूची प्रत देऊन बिलावरचं नावही बदलून घ्या. एक लक्षात असू द्या: कराची पावती हा मालकीचा पुरावा नव्हे.

सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांना एक विनंती. तुमच्या इमारतीत एकटे राहणारे आजी-आजोबा असतील, तर त्यांच्याकडे अर्धा तास बसून त्यांचं बिल तपासा. सवलत लागलेली नसेल, तर सोसायटीचं पत्र तुम्हीच तयार करा आणि त्यांचा पीटी-3 क्षेत्रीय कार्यालयात नेऊन द्या.