शब्द तोच, सूर निराळा
(कुटुंबात एकत्र बसून वाचण्याचा पाठ)



शाळेतून आलेला मुलगा पुस्तक उघडतो आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारतो, "आजोबा, उताऱ्याचा सूर ओळखा असं लिहिलंय. सूर म्हणजे काय?" आजोबा म्हणतात, "मला काय ठाऊक? मी कुठे शिकलोय?"

हे उत्तर बरोबर नाही. आजोबांच्या वडिलांनी खोताच्या अंगणात उभे राहून दिवस काढले. "काय रे, कुठं निघालास?" एवढ्या तीन-चार शब्दांवरून त्यांना ओळखावे लागे की ही नुसती चौकशी आहे, वेठीचे बोलावणे आहे, की मार बसणार आहे. शब्द तेच असत. फरक असे तो सुरात. जे पोट भरण्यासाठी आणि जीव वाचवण्यासाठी शिकावे लागले तेच आता आपल्याला वाचनासाठी वापरायचे आहे. म्हणून हा विषय परक्यांचा आहे, पंडितांचा आहे, असे मनात आणू नका.

१. सूर आणि भाव

प्रथम दोन शब्द नीट वेगळे करून घेऊ.

सूर हा लेखकाचा असतो. ज्याविषयी तो लिहितो आणि ज्याला उद्देशून लिहितो, त्या दोघांकडे तो कसा पाहतो हे सुरातून कळते. सूर आदराचा असतो, विनवणीचा असतो, उपहासाचा असतो, कोरडा असतो, रागाचा असतो.

भाव हा वाचणाऱ्याच्या मनात उभा राहतो. वाचताना छाती दडपते, डोळे भरतात, मूठ वळते किंवा मन निवते, तो भाव.

दोन्ही एकच असतील असे नाही. एक घरगुती वाक्य घ्या: "पाणी घ्या." पाहुण्यापुढे तांब्या ठेवून आई हे म्हणते तेव्हा सूर जिव्हाळ्याचा असतो. आता याच वाक्यात एक शब्द घाला: "पाणी वरून घ्या." बोलणाऱ्याचा सूर अगदी सौम्य असेल, हसराही असेल. पण ज्याने ओंजळ पुढे करून उंचावरून पडणारी धार झेलली त्याच्या मनात जो भाव उठला, त्याला गोड म्हणता येईल का? एका 'वरून' या शब्दाने सगळे बदलले. सूर ओळखायचा तो असा एकेका शब्दावर बोट ठेवून.

पाण्याचाच धागा धरून आता आपल्या जिल्ह्यातील काही लेखन पाहू.

२. विनवणीचा सूर

महाडजवळचे रावढळ हे गोपाळबाबा वलंगकरांचे गाव. लष्करातून निवृत्त झाल्यावर ते दापोलीस राहिले. 'दीनबंधू'सारख्या पत्रांतून त्यांनी लेखन केले आणि १८८८ साली 'विटाळ विध्वंसक' लिहून अस्पृश्यता मानणाऱ्यांना प्रश्न विचारले. त्यांच्या काळी वरच्यांशी बोलायचे तर अर्जाच्या भाषेतच बोलावे लागे. आज एखादा तरुण असे जुने लेखन हातात घेतो, त्यातील नम्रता पाहतो आणि म्हणतो, "किती हे वाकणे! बाबासाहेबांसारखे ताठ का बोलले नाहीत?"

तरुण मित्रांनो, इथेच थांबा. हा माणूस कोणाशी बोलतो आहे आणि कोणत्या काळात, हे आधी विचारा. तेव्हा अस्पृश्य माणसाने लिहिणे हेच मोठे धाडस होते. पुस्तकाचे नावच पाहा. 'विटाळ निवारण करावे ही विनंती' असे नाव नाही. 'विध्वंसक' असे नाव आहे. वरचा सूर विनवणीचा, पण आत विचारलेला प्रश्न समोरच्याला निरुत्तर करणारा. हात जोडलेले आहेत, मान मात्र खाली नाही.

मडक्याला वरून हात लावून आतले पाणी गरम आहे की गार हे कळत नाही. आपल्या पूर्वजांच्या जोहारातही सगळी लाचारीच होती असे समजू नका. कधी ती लाचारी होती, कधी ती ढाल होती. सूर न ऐकता त्यांना हिणवणे हा त्यांच्यावर दुसरा अन्याय आहे.

३. कोरडा सूर

आता सरकारी कागद पाहू. १९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांच्या पुढाकाराने मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केले. पण कागदावर खुले झालेल्या तळ्याचे पाणी आपल्या माणसांना घेऊ दिले जात नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर त्यांच्यावर हल्ला झाला. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला पूर्वीचा ठराव रद्द केला.

ठरावाच्या भाषेत राग नसतो, शिवी नसते. अमुक ठराव रद्द करण्यात येत आहे, असेच ठराव बोलतो. हा कोरडा सूर. परंतु ज्यांच्या तोंडचे पाणी त्या एका ठरावाने काढून घेतले त्यांना तो कसा वाटला असेल?

लगेच दुसरा कागद पाहा. याच तळ्याचा दावा पुढे उच्च न्यायालयात गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी निकाल लागला. अस्पृश्यांना पाण्यापासून दूर ठेवण्याची रूढी अनादिकालापासून चालत आली आहे, हे सिद्ध झालेले नाही, असे न्यायालयाने ठरवले. न्यायालयाची भाषाही तशीच कोरडी. त्यात जयजयकार नाही. पण ते वाचताना आपले मन भरून येते. सूर दोन्ही ठिकाणी एकच, भाव मात्र एकमेकांच्या उलट. कोरड्या सुराचा कागद आला की एक प्रश्न अवश्य विचारा: याने कोणाला काय मिळाले आणि कोणाचे काय गेले?

४. शांत सूर, पेटणारा भाव

बाबासाहेबांनी आपल्या आयुष्यातील काही आठवणी इंग्रजीत लिहून ठेवल्या होत्या. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने त्या प्रसिद्ध आहेत. त्यातील पहिली आठवण १९०१ सालची, सातारा जिल्ह्यातील आहे. वडील परगावी नोकरीस होते. सुटीत त्यांच्याकडे जायचे म्हणून छोटा भीम, त्याचा भाऊ आणि बहिणीची मुले निघाली. नवे कपडे, नव्या टोप्या, आगगाडीचा प्रवास. मुलांच्या आनंदाला पारावार नव्हता. मसूर स्टेशनवर ती उतरली. न्यायला कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली, आणि मुले महार आहेत हे कळताच त्याचा चेहरा पालटला. दुप्पट भाडे कबूल केल्यावर बैलगाडी मिळाली, तीही मुलांनी स्वतः हाकायची आणि गाडीवाल्याने पायी चालायचे, या अटीवर. बरोबर जेवण होते. पाणी मात्र मिळाले नाही. रात्र तहानेतच गेली.

हे सर्व सांगताना बाबासाहेबांचा सूर कसा आहे? ते आक्रोश करत नाहीत. कपडे कसले होते, गाडी कशी ठरली, रात्र कुठे काढली, हे एखाद्या साक्षीदाराने न्यायालयात सांगावे तसे क्रमाने सांगतात. आधी कपड्यांचा आनंद सांगितला म्हणून पुढचा अपमान जास्त झोंबतो. रडणे त्यांनी आपल्यावर सोपवले आहे. ज्याच्याजवळ सत्य आहे त्याला आवाज चढवावा लागत नाही, हे या लेखनातून शिकावे.

५. महाडचे भाषण

२५ डिसेंबर १९२७ ची सत्याग्रह परिषद आठवा. आदल्या दिवशी मुंबईहून 'पद्मावती' बोटीने बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी निघाले. समुद्राने हरिहरेश्वरपर्यंत आणि तिथून सावित्रीच्या खाडीने दासगावच्या बंदरात उतरून ते महाडला पोहोचले. कोर्टाची मनाई होती. समोर खेड्यापाड्यांतून, पायपीट करून आलेली माणसे बसली होती. अशा सभेत भडक बोलून टाळ्या मिळवणे सोपे होते.

पण त्या भाषणाचा सूर वेगळा आहे. हे पाणी पिऊन आपल्याला अमरत्व येणार नाही, ते न पिता आपण मेलोही नाही, असे ते आधीच सांगून टाकतात. इथे सुरात किंचित विनोद आहे. मग सूर गंभीर होतो: आपण आलो आहोत ते आपणही माणसे आहोत हे ठरवण्यासाठी. आणि पुढे ते श्रोत्यांना १७८९ सालच्या फ्रान्समधील राष्ट्रसभेपर्यंत नेतात. ज्याला गावच्या तळ्यावर येऊ देत नव्हते त्याला ते सांगतात की तुझी ही सभा जगाच्या इतिहासात बसणारी आहे. श्रोत्याला इतक्या उंचीवर नेऊन त्याच्याशी बोलणे, हाच त्या भाषणाचा खरा सूर आहे. वलंगकरांना वर पाहून लिहावे लागले. बाबासाहेब आपल्या माणसांशी समोरासमोर बोलत होते. दोघांचा प्रश्न एकच होता; ऐकणारा बदलला आणि सूर बदलला.

६. कठोर शब्द आणि करुणा

काही घरांत प्रश्न विचारला जातो की आपण सम्यक वाचा मानतो, मग आपल्या साहित्यात एवढे कठोर शब्द कसे?

याचे उत्तर मज्झिम निकायातील अभयराजकुमार सुत्तात आहे. अभय राजकुमार तथागतांना विचारतो की आपण दुसऱ्याला अप्रिय वाटेल असे बोलता का? राजकुमाराच्या मांडीवर लहान मूल होते. तथागत विचारतात, या बाळाने तोंडात काडी किंवा खडा घातला तर तू काय करशील? राजकुमार म्हणतो, मी तो काढीन, रक्त आले तरी काढीन, कारण मला बाळाची कणव आहे. तथागत सांगतात की जे खरे आहे आणि हिताचे आहे ते अप्रिय असले तरी योग्य वेळ पाहून बोलावे. जे खोटे आणि अहिताचे आहे ते कितीही प्रिय असले तरी बोलू नये.

म्हणजे कठोर सुरामागे द्वेष आहे की कणव आहे, हे पाहायचे. आणि गोड सुरामागे काय आहे हे तर अधिकच जपून पाहायचे. कोणी गोड बोलतो म्हणून तो खरा, आणि कोणी तिखट लिहितो म्हणून तो वाईट, असा न्याय करू नका.

७. घरी वाचताना

आठवड्यातून एक दिवस, वंदनेनंतर, घरातील एकाने एक उतारा मोठ्याने वाचावा. लिहिता-वाचता न येणाऱ्यांनी ऐकावे. त्यांचा कान तयार आहे. मग पुढील प्रश्न एकमेकांना विचारावेत.

(१) कोण बोलतो आहे आणि कोणाशी? तो वर पाहून बोलतो, खाली पाहून बोलतो की समोर पाहून?

(२) कोणता एक शब्द काढला तर सूर बदलेल? तो शब्द काढून वाक्य पुन्हा वाचा.

(३) लेखकाचा सूर कोणता आणि माझ्या मनातला भाव कोणता? दोन्ही वेगवेगळे सांगा.

(४) लेखकाने काय सांगायचे टाळले आहे? ते का टाळले असेल?

(५) या सुरामागे सत्य आणि हित आहे का?

घरातील प्रत्येकाचे उत्तर सारखे येणार नाही. तसे यावे असा आग्रह धरू नका. मात्र उत्तर देणाऱ्याने शब्दावर बोट ठेवून दाखवावे. नुसते "मला वाटते" म्हणून सुटू नये.

पहिल्या पाठासाठी महाडचे भाषणच घ्या. वाचणारा नातू असावा आणि सूर सांगणारे आजी-आजोबा असावेत. ज्या कानांनी पिढ्यान् पिढ्या मालकाचा सूर ओळखला, त्या कानांना आता आपल्या माणसाचा सूर ऐकू द्या. आणि नातवाने "सूर म्हणजे काय?" असे पुन्हा विचारले तर "मला काय ठाऊक" असे म्हणू नका. त्याला जवळ बसवा आणि सांगा, "तू वाच, मी सांगतो."