सरकारी दवाखाना व गांवची मंडळी

पाठ : प्रेषितांचीं कृत्यें ६:१–७

यरुशलेमच्या मंडळींत रोजच्या वांटपाविषयीं कुरकुर झाली. ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होत होती. प्रेषितांनीं कुरकुर करणाऱ्यांस दटाविलें नाहीं. योग्य माणसें तुम्हीच निवडा, असें त्यांनीं सर्वांस सांगितलें, व निवडलेल्यांवर हात ठेवून त्यांस अधिकार दिला. त्या सातांचीं नांवें पाहा. तीं सर्व ग्रीक आहेत. ज्यांची उपेक्षा झाली त्यांच्याच बाजूचीं माणसें वांटपावर नेमलीं गेलीं, असें यावरून दिसतें.

हाच धडा आपल्या देशांतही गिरविला गेला. १९७० सालीं डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्यानें जामखेड येथें कार्य आरंभिलें. लोकांस औषधाच्या अगोदर अन्न व पाणी हवें होतें. म्हणून त्यांनीं तेथूनच सुरुवात केली. पुढें गांवांनीं निवडलेल्या स्त्रियांस त्यांनीं आरोग्याचें शिक्षण दिलें. त्यांपैकीं पुष्कळ निरक्षर होत्या. तरी बाळंतिणींची व बालकांची निगा त्यांनीं उत्तम राखिली.

२००५ सालीं राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान निघालें. २००७ पासून महाराष्ट्राच्या ज्या पांच जिल्ह्यांत लोकांची देखरेख प्रथम सुरू झाली, त्यांत आपला ठाणें जिल्हा होता. गांवच्या समितीनें सेवेची पाहणी करून तीस हिरवा, पिवळा किंवा तांबडा रंग द्यावा, व जनसुनवाईंत अधिकाऱ्यांसमोर तें मांडावें, अशी ती रीत.

दिघाशीच्या मंडळीनें यावरून काय घ्यावें? तक्रार करणाऱ्या बाईस उद्यां त्याच दवाखान्याची पायरी चढावयाची असते. म्हणून ती गप्प राहते. तिला एकटीस पुढें करूं नका, समितीनें बोलावें. परिचारिकेचीही बाजू ऐका. जागा रिकामी असली, किंवा औषध वरूनच आलें नाहीं, तर दोष तिचा नव्हे; मग दोघांनीं मिळून वर मागणी करावी. समितीच्या पैशाचा हिशेब ग्रामसभेंत वाचला जावा. आणि समितींत केवळ आपलींच माणसें नकोत. कातकरी वाडीची बाईही बसावी, नाहींतर आपणच त्या विधवांची उपेक्षा करणारे ठरूं.

प्रश्न :
१. प्रेषितांनीं निवड लोकांवर कां सोंपविली?
२. आपल्या गांवांत कोणाची तक्रार ऐकूं येत नाहीं?
३. येत्या ग्रामसभेंत आपण कोणता एक प्रश्न विचारणार?

प्रार्थना : हे प्रभो, दुर्बलांचें ऐकणारे कान व सत्य बोलणारी जीभ आम्हांस दे. आमेन.